एका दिवसाला एक गाव

परभणीहून जिंतूरच्या रस्त्याला लागलं की बराच वेळ डोंगर असा दिसतच नाही. झरी मागे पडते, बोरी येते. दोन्ही अंगांना काळी रानं, शेवटच्या वेचणीचा कापूस, मधूनच तुरीची उंच रांग. मग केव्हातरी उत्तरेला एक निळसर रेघ उमटते. जोरात गेलं तर ती रेघ एकदम डोंगर होऊन पुढ्यात येते. सावकाश गेलं तर आधी कड दिसते, मग कडेवरची झुडपं, मग झुडपांतून वर गेलेली गुरांची वाट. मला हे सावकाश येणं फार आवडतं. डोंगराला आपल्याकडे यायला वेळ द्यावा लागतो, असं मी मानते.

आमच्या जिल्ह्याची ठेवणच अशी आहे की तो एका दमात बघून होत नाही. उत्तरेला जिंतूरच्या बाजूनं अजिंठ्याच्या रांगेची एक फांदी आत येते, दक्षिणेला गंगाखेडच्या अंगानं बालाघाट सुरू होतो, आणि या दोहोंच्या मध्ये गोदावरी, पूर्णा, दुधना यांचं खोरं पसरलेलं आहे. १ मे १९९९ ला हिंगोली वेगळा झाला आणि औंढा नागनाथ, नर्सी नामदेव पलीकडे गेले. पण गाडीच्या चाकाला ती शीव कळत नाही. नकाशावर ही सगळी गावं जवळजवळ दिसतात. जिंतूर पंचेचाळीस किलोमीटर, गंगाखेड चाळीस. म्हणूनच माणसं फसतात. सकाळी निघू, सगळं उरकू आणि दिवेलागणीला घरी येऊ, असं म्हणतात. तसं होतंही. फक्त घरी आल्यावर सांगायला काही उरत नाही.

आणि इथली मातीही घाई करू देत नाही. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्या अंगावरचा डांबरी रस्ताही मग तिच्यासोबत वर-खाली होत राहतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागे दहा मिनिटं अडकलं की लोक हॉर्न वाजवतात. मी काच खाली करते. डिसेंबरअखेर ज्वारी निसवलेली असते आणि रानातून येणारा तो हिरवट, गोडसर वास बंद काचेआड कधीच पोचत नाही.

हे सगळं मी कुणाला तरी समजावून सांगावं, असा योग गेल्या नाताळच्या सुटीत आला. माझ्या बहिणीची मुलगी युरोपात नोकरीला असते. आदल्या वर्षी तिनं आई-वडिलांना भाड्याच्या गाडीतून इटलीतली डोंगरावरची गावं दाखवली होती. सिएना, सान जिमिन्यानो, व्होल्तेरा, मोंतालचिनो, पिएन्झा, मोंतेपुलचानो, ओरव्हिएतो. यादी तिनं मोठ्या प्रेमानं केली होती, प्रत्येक गावापुढे तास लिहून ठेवले होते. त्या गावांची रीत अशी की जुन्या तटबंदीच्या आत बाहेरच्या गाड्यांना मज्जाव. गाडी खाली लावायची, चढण चढायची, वेशीतून आत जायचं. म्हणजे प्रत्येक गाव मुळातच एक चढण मागतं, आणि चढणीनंतरचा एक श्वास. तो श्वास यादीत कुठेच धरला नव्हता. बहीण परत आली तेव्हा तिला फोटो बघूनही पिएन्झा कुठलं आणि मोंतेपुलचानो कुठलं ते सांगता येईना. एक गाव मात्र तिला लख्ख आठवत होतं. तिथं पावसानं त्यांना एका कमानीखाली तासभर थांबवून धरलं होतं.

आता ती पोरगी इकडे आली होती आणि म्हणत होती, "मावशी, दोन दिवस आहेत. नेमगिरी, येलदरी, चारठाणा, औंढा, पाथरी, मुद्गल, गंगाखेड, धारासूर. होईल ना?"

मी म्हटलं, "होईल. पण तू कुठंच गेलेली नसशील."

दिवसाला एकच गाव, फार तर वाटेवरचं आणखी एक, एवढंच कबूल केलं. यादीतली बाकीची नावं तिनं खोडली नाहीत, कंसात टाकली. मला ते आवडलं.

पहिला दिवस चारठाण्याला दिला. जिंतूरहून मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे गाव आहे. यादव-चालुक्यांच्या काळातल्या देवळांसाठी अभ्यासकांना ते ठाऊक आहे. प्रवाशांना फारसं नाही. गोकुळेश्वर, उकंडेश्वर, खुराची आई अशी देवळांची नावं आहेत. जवळच एक नखशिखांत कोरलेला उंच दगडी स्तंभ एकटाच उभा आहे. कुणी त्याला मानस्तंभ म्हणतं, कुणी दीपमाळ. त्याच्यासमोरून वाहनं जातात, शेरडं जातात, शाळा सुटलेली पोरं जातात. कुणी मान वर करत नाही, आणि ते मला उपेक्षेसारखं वाटलं नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडेही आपण येता-जाता रोज कुठे बघतो? तो आहे, एवढं ठाऊक असतं.

गाडी वेशीशी लावून आम्ही पायी निघालो. मराठवाड्यातल्या जुन्या गावात पायी हिंडलं की एक गोष्ट पोटऱ्यांना कळते. गाव सपाट रानात दिसत असलं तरी आत शिरताना चढ लागतो. शेकडो वर्षं पांढऱ्या मातीची घरं बांधली गेली, माळवदं घातली गेली, पावसानं ती बसली, त्यांच्याच ढिगावर पुढच्या पिढीनं नवी भिंत उभारली. असं होत होत गावाखाली गावाचंच टेकाड तयार झालं. शेताची जमीन काळी, वस्तीची पांढरी, आणि पांढरी नेहमी काळीपेक्षा चार हात उंच. इटलीतल्या लोकांनी शत्रूच्या आणि दलदलीतल्या हिवतापाच्या भयानं तयार डोंगर शोधून त्यावर गावं वसवली. आमच्या लोकांनी पाण्याजवळ सपाटीवर वस्ती केली आणि राहता राहता स्वतःच्या घरांतून उंची मिळवली. पोरगी हे ऐकून थांबली, आल्या वाटेकडे वळून बघितलं आणि म्हणाली, "खरंच की, आपण चढलो."

गल्लीत एका घराच्या जोत्यात कोरीव दगड बसवलेला होता, अर्ध्या फुलाचा. ओट्यावर बसलेल्या आजोबांनी विचारलं, "कुठून आलाव?" परभणीहून, म्हटलं. "मग घाई कामून करायलाव? बसा की." खरं तर आम्ही घाई करत नव्हतो, पण त्यांच्या मापानं करत असू. बसलो. चहा आला. आजोबांनी सांगितलं की पूर्वी इथं देवळं आणि विहिरी शेकड्यांनी होत्या. आकडा त्यांनी मोठा सांगितला आणि सांगताना आवाज जरा खाली घेतला. तो आकडा मोजायला आपण गेलेलो नसतो. मला त्या खाली आलेल्या आवाजाचं मोल वाटलं. तासाभरानं उठलो तेव्हा गोकुळेश्वराच्या भिंतीवरचं ऊन तिरपं झालं होतं आणि सकाळी सपाट वाटलेले नक्षीचे थर सावली धरून बाहेर आले होते. हेमाडपंती म्हणून आपण जी बांधणी एका शब्दात उरकतो, तिच्यात दगड दगडाला खाचेनं धरून असतो. ते जोड दिसायला असं तिरपं ऊन लागतं. म्हणजे अशी देवळं बघायला माणूस दुपारच्या दोन्ही बाजूंना तिथं असावा लागतो. भर दुपारी येऊन भर दुपारी गेलेल्याला दगड दिसतो, काम दिसत नाही.

त्या रात्री जिंतूरला राहिलो. नेमगिरी तिथून अगदी जवळ. तिथल्या जैन गुंफांची दारं एवढी बुटकी आहेत की प्रत्येक दाराशी वाकावं लागतं, आणि आत एवढ्याशा दगडावर तोललेली पार्श्वनाथांची मोठी मूर्ती आहे. सकाळी जाता आलं असतं. पण दुसरा दिवस वालूरला द्यायचा असं मी मनाशी ठरवलेलं होतं.

वालूर सेलू तालुक्यात. तिथली बारव बघण्यासाठी वाकडी वाट करावी लागते, आणि करावीच. मराठवाड्यात बारवांना तोटा नाही. परभणीजवळ पिंगळीला आहे, चारठाण्याला आहे, आणि गेल्या काही वर्षांत जिल्ह्यातल्या तरुणांनी कितीतरी बारवांतली झुडपं आणि गाळ श्रमदानानं काढला आहे. ते काम बघून माझा ऊर भरून येतो. पण वालूरची बारव निराळी. तिच्या पायऱ्या सरळ खाली जात नाहीत, वळत वळत उतरतात. काठावर उभं राहिलं की नजर आपोआप गोल फिरू लागते आणि पाय तिच्यामागे जातात.

पोरगी काठावर गप्प उभी राहिली. मग म्हणाली, "ओरव्हिएतोला अशी विहीर आहे."

ती विहीर मला वाचून ठाऊक होती. १५२७ साली रोम लुटलं गेलं तेव्हा पोप सातवा क्लेमेंट ओरव्हिएतोच्या उंच कातळावर आश्रयाला आला. वेढा पडला तर पाणी कुठून आणायचं, म्हणून त्यानं विहीर खणायला सांगितली. आंतोनियो दा सांगालो या वास्तुकारानं ती रचली आणि १५३७ साली ती पुरी झाली. ५३ मीटर खोल. एकमेकांभोवती फिरणारे पण कुठेच न मिळणारे दोन जिने, प्रत्येकाला २४८ पायऱ्या. एका जिन्यानं रिकामी खेचरं उतरायची, दुसऱ्यानं पाणी घेऊन चढायची. वाटेत कुणाचीच अडचण नाही. मी विचारलं, "उतरलीस?"

"नाही. वरूनच बघितली. पार्किंगची वेळ संपत आली होती."

इथं कसलीच वेळ संपत नव्हती. आम्ही उतरलो. बारवेत उतरण्याला एक गती असते आणि ती उतरणाऱ्याची नसते. जुन्या पायऱ्यांची उंची, झिजलेल्या कडा, ओल, सगळं मिळून ती ठरवतं. अर्ध्यावर गेलं की वरचा आवाज विरतो. हवा गार होते, आपलंच बोलणं जरा उशिरा ऐकू येतं. वर वळून बघितलं तर आभाळाचा तुकडा लहान झालेला. दुष्काळी मुलखात पाण्यापर्यंतची वाट एवढी देखणी करावी, असं ज्यांना वाटलं त्यांच्याबद्दल मला नेहमी आदर वाटतो. नुसता रहाट बसवून काम भागलं असतं. पण मग पाण्याकडे कुणी चालत गेलं नसतं, वाटेत टेकलं नसतं, दुसऱ्या बाईशी चार शब्द बोललं नसतं. टेकडीवरचं गाव माणसाला वर चढायला लावतं. आमच्याकडे देखणेपण खाली ठेवलेलं आहे आणि ते बघायला उतरावं लागतं, एवढाच फरक. पाय दोन्हीकडे दुखतात.

पोरगी तळाशी बराच वेळ बसून राहिली. मी बोलावलं नाही.

तिनं परतीचं तिकीट आठवड्यानं पुढे ढकललं. मग गंगाखेड झालं.

गंगाखेडचा रस्ता माझ्या दृष्टीनं चाकांचा नाही, पावलांचा. आषाढीला शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला निघते ती याच वाटेनं. परभणी, मग दैठणा, मग गंगाखेड, मग परळी. सातशेहून अधिक किलोमीटरची वाट महिनाभरात. परभणी ते गंगाखेड हे गाडीनं तासाभराचं अंतर पालखी मध्ये दैठण्याचा मुक्काम घेऊन चालते. लहानपणी आम्ही दिंडीसोबत थोडं अंतर चालायचो. भाकरी आणि ठेचा रानात बसून खायचो. तेव्हा कळलं होतं की वाट कापायची ती वेगळी आणि मुक्काम करायचा तो वेगळा. दोन्ही सारख्याच मनानं करायचं. वारकरी दैठण्याला गाव बघायला थांबत नाहीत. पण दरसाल थांबून त्यांना दैठण्याची विहीर, दैठण्याचा पार, दैठण्यातली दारं जशी ठाऊक असतात तशी मला अजून माझ्या शेजारच्या गल्लीतली ठाऊक नाहीत.

गंगाखेड हे जनाबाईंचं गाव. लहान वयात त्या इथून पंढरपूरला दामाशेटींच्या घरी गेल्या आणि नामदेवांच्या घरच्या झाल्या. इथून पंढरपूर गाडीनं आता काही तासांवर आहे. घाटावर बसून गोदावरीकडे बघताना मला त्या पोरीची पावलं आठवत राहिली. एवढीशी मुलगी बापाचं बोट धरून किती मुक्काम करत गेली असेल, कुठल्या कुठल्या ओट्यावर झोपली असेल. तो प्रवास दूर होता की लांबला होता, कोण जाणे. पण पुढे जे शब्द आले ते जात्याच्या गतीनं आले, आणि त्या गतीला मराठी बाई अजून ओळखते.

धारासूरला दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. गोदेकाठचं गुप्तेश्वराचं देऊळ उंच जोत्यावर आहे. बाहेरच्या भिंतींवर सुरसुंदरी आहेत आणि देवळाभोवती एक फेरी मारली की दुसरी मारावीशी वाटते. पहिल्या फेरीत त्या नुसत्या उभ्या दिसतात. दुसऱ्या फेरीत एकीची मान, दुसरीचा कलता गुडघा, तिसरीच्या कमरेची वळी दिसू लागते. तिसऱ्या फेरीला पोरीनं फोन पिशवीत टाकला. फोटोंवर माझा राग नाही. पण फोटो पहिल्या फेरीतच काढून होतो आणि देऊळ तिसऱ्या फेरीत बोलू लागतं.

परतताना तिनं यादी काढली. नेमगिरी, येलदरी, औंढा, पाथरी, मुद्गल अजून कंसातच होते. "मुद्गलला कधी यायचं?" तिनं विचारलं. मुद्गलेश्वराचं देऊळ गोदावरीच्या पात्रातच आहे, पूर आला की पाण्याखाली जातं. मी म्हटलं, "पाऊस संपला, पूर ओसरला की ये. आईलाही आण. त्या दिवशी दुसरं काही ठेवायचं नाही."

तिनं मुद्गलपुढे ऑक्टोबर लिहिलं. तास लिहिले नाहीत.