चिठ्ठीत नसलेला आकडा

"ताई, चाळीसचं देऊ का शंभरचं?" मेडिकलवाल्या दादांनी विचारलं आणि मी गप्पच झाले. अण्णांना त्या दिवशी पहिल्यांदा इन्सुलिन लिहून दिलं होतं. चिठ्ठीवर औषधाचं नाव, ३०/७०, सकाळी १४ आणि रात्री ८ युनिट, जेवणाआधी अर्धा तास, एवढंच होतं. मग हे चाळीस-शंभर आलं कुठून?

गर्दी असूनही दादांनी समजावलं. ३०/७० म्हणजे झटपट आणि सावकाश काम करणाऱ्या इन्सुलिनचं प्रमाण. चाळीस-शंभर म्हणजे एका मिलिलिटरमध्ये किती युनिट ते. पेनमधलं इन्सुलिन बहुधा शंभरचं, बाटलीतलं आपल्याकडे बहुतेक चाळीसचं. "डॉक्टरांना फोन लावा. अंदाजाने देणार नाही." फोन लागला. बाटली, चाळीसची.

"सिरिंज नकोत, शेजारच्या काकूंनी कोऱ्या दिल्यात," असं म्हणत मी पाकिटं काढली. टोपणं नारिंगी होती. दादांनी ती बाजूला सारली आणि लाल टोपणाच्या सिरिंज पुढे केल्या. लाल चाळीसची, नारिंगी शंभरची. नारिंगीत १४ च्या रेघेपर्यंत हे औषध भरलं असतं, तर अण्णांना जेमतेम साडेपाचच्या आसपास युनिट मिळाली असती. उलट शंभरचं औषध लाल सिरिंजमध्ये भरलं असतं, तर १४ ऐवजी ३५ गेली असती. साखर एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो, हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. काकूंनी मायेने दिलेली पाकिटं होती ती!

अठराव्या दिवशी बाटली संपली. मी घाबरले, कुठे चुकलं? मग हिशेब केला. १० मिलिलिटर, म्हणजे ४०० युनिट. रोज २२. बरोबरच होतं. महिन्याला एक बाटली पुरेल, हे मीच धरून चालले होते.

पुढच्या खेपेला डॉक्टरांसमोर बसून मी सगळं चिठ्ठीवर लिहून घेतलं: बाटली, ४० युनिट प्रति मिलिलिटर, महिन्याला दोन, चाळीसची सिरिंज. त्यांनीही आनंदाने लिहिलं. नव्याने इन्सुलिन सुरू होणाऱ्या प्रत्येक घराने दवाखान्यातून उठण्याआधी एवढं मागून घ्यावं.

आता अण्णा बाटली तळहातांवर हलकेच घोळवतात आणि तिच्यावरचा आकडा मोठ्याने वाचतात, "चाळीस." मी सिरिंजवरचा वाचते, "चाळीस." मगच सुई टोचतो.