श्वासाकडेही लक्ष असू द्या

शिक्षक मित्रांनो आणि पालकांनो, श्वसनाचा पाठ शिकवताना आपण सांगतो : श्वासपटल खाली सरकतं, बरगड्या वर उचलल्या जातात आणि हवा फुप्फुसांत शिरते. हे सगळं काम स्नायूंचं. मग स्नायूच थकले तर?

ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या आनुवंशिक आजारात तेच होतं. स्नायू शाबूत ठेवणारं डिस्ट्रोफिन हे प्रथिन शरीरात जवळजवळ तयारच होत नाही. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे आजार बहुतेक मुलग्यांनाच होतो. सुरुवात पायांत दिसते. मूल सारखं पडतं, जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकतं. बाराव्या वर्षाच्या आसपास अनेकांना व्हीलचेअर लागते. श्वासाचे स्नायू त्यानंतर दुबळे होतात, आणि ते चटकन कुणाच्या लक्षात येत नाही.

माझ्या आठवीच्या वर्गात असा एक मुलगा होता. त्याची आई एकदा म्हणाली, "सर, पायांचं सगळेच विचारतात. पण रोज सकाळी हा डोकं धरून बसतो, त्याचं कुणीच विचारत नाही."

कारण समजून घ्या. झोपेत श्वास उथळ होतो, कार्बन डायऑक्साइड पुरेसा बाहेर पडत नाही. म्हणून सकाळी डोकं दुखतं आणि पहिल्या तासाला पोरगं पेंगतं. तो आळस नव्हे, बरं का! डॉक्टरांनी त्याची फुप्फुसांची तपासणी करून रात्री मास्कवाटे हवा देणारं बायपॅप यंत्र सुरू केलं. हळूहळू पहिल्या तासाला त्याचा हात वर दिसू लागला.

तुमच्या वर्गात असं मूल असेल तर एवढं बघा : वाचताना मध्येच दम लागतो का? आवाज बारीक झालाय का? खोकल्यात जोर आहे का? काही जाणवलं तर पालकांना लगेच सांगा. साध्या सर्दीतही त्याला कफ बाहेर टाकता येत नाही, म्हणून शिंकणाऱ्या मुलाला त्याच्या शेजारी बसवू नका.

आणखी एक. या आजारासाठी आईला बोल लावू नका. जनुकातला बदल कुणी मागून घेत नाही. कित्येकदा तो आईतही नसतो, मुलात नव्यानेच होतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हा आजार समाविष्ट आहे. प्रमाणपत्र काढायला पालकांना मदत करा. आणि हजेरी घेताना त्याचा "हजर" कसा ऐकू येतो, तेही रोज ऐका.