आरसा गेला, लेन्स राहिली!

माझा निकॉन डी९० म्हणजे २००८ सालचं मॉडेल. बदलायचा होता, पण जीव होत नव्हता. त्यावरची ५० एमएम एफ १.८डी लेन्स बाबांनी माझ्या पहिल्या नोकरीच्या वेळी घेऊन दिलेली. त्यांचा शेवटचा फोटोही तिनेच काढलेला.

दुकानात निकॉनचाच मिररलेस झेड५०-टू हातात घेतला. हलका, आणि फोटो किती उजळ येणार ते व्ह्यूफाइंडरमध्ये आधीच दिसतं. मस्तच! पण अडॉप्टरवर बाबांची लेन्स चढवली आणि ऑटोफोकस गायब! तिला स्वतःची मोटर नाही; ती डी९०च्या पोटात. म्हणजे रिंग हातानेच फिरवायची. बाबा रोलच्या कॅमेऱ्यावर फिरवायचे, अगदी तश्शी.

फिरवली, आणि घेतला की राव! तुम्हीही दुकानात जाल तेव्हा जुनी लेन्स सोबत न्याच.