मागची ट्रॉली

गेल्या हंगामातली गोष्ट. मगरिबनंतर गंगाखेडहून पोखर्णीला परतत होतो, मागे मुलगा बसलेला. समोर नुसता अंधार वाटला. ती होती उसाने भरलेली डबल ट्रॉली. ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. करकचून ब्रेक दाबला, मोटारसायकल कडेच्या मुरमात गेली. अल्लाहचा करम, दोघेही वाचलो.

ट्रॅक्टर थांबवून ड्रायव्हर पळत आला. माझ्याच वर्गातल्या मुलीचे अब्बा. "सर, दिवा लावला होता. पाचटात अडकून वायर तुटली."

मी रागावलो. तो शांतपणे म्हणाला, "ट्रॉल्यांना ब्रेक नाहीत. उतारावर मागून ढकलतात. म्हणून मी हळूच चालवतो."

जोरात होतो तो मीच. ताशी 60 च्या वेगात एका सेकंदात जवळपास 17 मीटर रस्ता सरतो. वेग दुप्पट, तर ब्रेक लागल्यावर थांबायला चौपट अंतर. हे वर्गात मुलांना सांगणाराही मीच!

दुसऱ्या दिवशी लाल रिफ्लेक्टर पट्टी आणून दोघांनी मिळून मागच्या ट्रॉलीला चिकटवली. तिला वायर लागत नाही.

आणि मी? हेडलाइटमध्ये जेवढा रस्ता दिसतो, तेवढ्यात थांबता येईल एवढाच आता माझा वेग. घरी पोचायला थोडा उशीर होतो. होऊ दे.