बारा दातांचे चक्र

आमच्या घरापुढच्या खळ्यात गेली काही वर्षे एक मोटारसायकल उभी असते. उंच, किडकिडीत, बाराही महिने चिखलाने किंवा तांबड्या धुळीने माखलेली. तिचे पुढचे चाक मागच्यापेक्षा मोठे आहे, एकवीस इंची. ती पहिल्यांदा अंगणात आली तेव्हा शेजारच्या वयस्क मावशी म्हणाल्या होत्या, "हे घोडे कुठून धरून आणले?" त्या वेळी मी ओट्यावर वर्तमानपत्र वाचत होतो आणि मी मान वर केली नाही.

मान वर न करण्यास कारण होते. मुलाने अंधेरीतली चांगली नोकरी सोडून जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर सौरपंप बसवण्याचे काम पत्करले होते. मी एकतीस वर्षे एका कारखान्यात फिटर म्हणून घालवली. पगाराची तारीख चुकली नाही तर घर चुकत नाही, एवढेच तत्त्वज्ञान मी शिकलो. त्यामुळे २०२१ च्या अखेरीस त्याने साठवलेल्या पैशांतून ही जुनी एक्सपल्स घरी आणली तेव्हा आम्हा बापलेकांत जेवणाच्या ताटापुरतेच बोलणे उरले होते.

वाचकांपैकी ज्यांना मोटारसायकलींचे वेड नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. डांबरी रस्त्यावरही चालावी आणि रस्ता संपल्यावर शेताच्या बांधावरूनही जावी, अशी ही दुहेरी जात. यामाहाने १९६८ साली अमेरिकेत डीटी-१ नावाची गाडी विकायला काढली आणि या जातीला खरा बाजार मिळाला. आपल्याकडे हिरो कंपनीने २०११ साली दीडशे सीसीची इम्पल्स आणली, ती फार खपली नाही. पुढे २०१९ मध्ये त्याच कंपनीची दोनशे सीसीची एक्सपल्स आली. मुलाची गाडी २०२० नंतरच्या, बीएस-सहा नियमातली. इंजिनाची ताकद सुमारे १७.८ अश्वशक्ती, वजन १५७ किलो. मागचा शॉकअप १७० मिलिमीटर दबतो, पुढचा १९० मिलिमीटर. या आकड्यांत दगडधोंड्यांची सोय उत्तम आहे, पण अहमदाबाद महामार्गावर ट्रकला ओलांडायचे म्हटले की इंजिनाला धाप लागते.

हीच धाप मुलाला सलत होती. तरुण माणसाला ताकद हवी असते आणि बाजारात ताकद पुड्या बांधून विकणारे पुष्कळ आहेत. पहिल्या पावसाळ्याआधी त्याने एक मोकळा सायलेन्सर लावला. आवाज असा की पहाटे तो निघाला म्हणजे आळीतली कुत्री उठत आणि मिस्साला निघालेल्या म्हाताऱ्या छातीवर हात ठेवीत. त्याबरोबरच त्याने मूळचा कागदी एअर फिल्टर काढून स्वस्तातला, 'मोकळ्या श्वासाचा' म्हणून विकला जाणारा फिल्टर बसवला. मी त्या दिवशी खळ्यातच होतो. तो फिल्टर मी हातात घेऊन उजेडाकडे धरला. त्यातून आकाश दिसत होते. ज्या जाळीतून आकाश दिसते, तिच्यातून विक्रमगडची धूळ जाणार नाही तर काय होईल? हे मला एका क्षणात कळले. फिल्टर खाली ठेवून मी विहिरीकडे निघून गेलो. न विचारता सांगायचे नाही, असा माझा तेव्हा बाणा होता.

त्या बाण्याची किंमत नोव्हेंबरात कळली. गाडी निळसर धूर सोडू लागली. दर आठवड्याला पाव लिटर तेल टाकावे लागे. एका संध्याकाळी तो ओट्यापाशी येऊन उभा राहिला. हाताला काजळी होती. म्हणाला, "डॅडी, जरा बघता का?"

दुसऱ्या दिवशी नाक्यावरच्या मेस्त्रीच्या मदतीने आम्ही इंजिन उघडले. फिल्टरच्या पलीकडे, जिथे हवा निर्मळ असायला हवी, त्या रबरी नळीच्या आत मी बोट फिरवले तर ते तांबडे झाले. पुढचे सगळे ओळीने आलेच. बारीक धूळ तेलाच्या पापुद्र्यात मिसळली की ती पॉलिश पेपरचे काम करते. ब्लॉकच्या आत उभे ओरखडे, रिंगा झिजलेल्या, पिस्टनच्या बाजू घासलेल्या. मुलगा मेस्त्रीला म्हणाला, "माझीच चूक." मी म्हणालो, "अर्धी माझी. मी मे महिन्यातच पाहिले होते." त्याने माझ्याकडे पाहिले. मेस्त्रीने शहाणपणाने पाना शोधायला तोंड दुसरीकडे वळवले. ब्लॉक-पिस्टनचा खर्च आम्ही निम्मा-निम्मा वाटून घेतला. त्याला तो नको होता, पण मी ऐकले नाही.

सायलेन्सरबद्दल मात्र मी गप्प बसलो नाही. त्या मोकळ्या नळकांड्याने किती ताकद वाढली, असे विचारले तर उत्तर 'वाटते' एवढेच. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत धुराच्या वाटेवर प्राणवायू मोजणारा संवेदक असतो. संथ चालीत तो पेट्रोलचे प्रमाण सावरून घेतो, पण पूर्ण मूठ पिळल्यावर संगणक आधीच ठरलेल्या तक्त्यावर चालतो. हवा जास्त आणि पेट्रोल तेवढेच, म्हणजे इंजिन तापणार. तो तक्ताच बदलून घ्यायचा तर खर्च हजारांच्या घरात जातो. शिवाय मूळ नळीतला धूर शुद्ध करणारा कप्पा नव्या नळीत नसतोच. कायद्याचेही आहे. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम बनावटीच्या मूळ तपशिलापासून वेगळे करणारे फेरफार मना करते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच अधोरेखित केले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतात. मूळ सायलेन्सर माळ्यावर होता, तो परत जागेवर गेला. आळीने सुटकेचा श्वास टाकला.

मग प्रश्न उरला तो असा, की थोड्या पैशांत या गाडीचे खरोखर काय सुधारता येईल? मी त्याला कागद-पेन्सिल घेऊन बसवले. कारखान्यात आम्ही कोणतेही यंत्र सुधारण्याआधी विचारायचो, वेळ कुठे जातो? त्याच्या फेरीत साठेक किलोमीटर महामार्ग, पुढे घाटाचा रस्ता आणि शेवटचे आठ-दहा किलोमीटर मातीचे. महामार्गावर ताशी ८० ऐवजी ८५ ने गेला तर साठ किलोमीटरला किती वाचते? जेमतेम तीन मिनिटे. आणि मातीच्या चढावर? पावसात तिथे तो अर्धा-अर्धा तास अडकत होता. दोनदा गाडी अंगावर घेऊन पडलाही होता. हे त्याने मला त्या दिवशी प्रथमच सांगितले. ज्या तीन मिनिटांसाठी इंजिन खराब झाले त्यांच्याकडे आम्ही दोघे बराच वेळ पाहत राहिलो.

पहिली सुधारणा फुकटची होती. त्याच्या मागच्या पेटीतले सामान मी खळ्यात ओतले आणि आमच्या परसातल्या केळी तोलायच्या काट्यावर ठेवले. न लागणारी अकरा किलो पान्हे-नळ्यांची रास निघाली. गाडी, माणूस, सामान मिळून अडीचशे किलो धरले तर हे चार टक्क्यांहून अधिक. चढावर एवढे ओझे कमी होणे म्हणजे पाऊण अश्वशक्ती मिळण्यासारखेच आहे.

दुसरी सुधारणाही फुकटच. मागच्या शॉकअपची स्प्रिंग ताणायला दहा खाचा आहेत. माणूस बसल्यावर मागची बाजू एकूण दबावाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकी बसावी, म्हणजे इथे पंचावन्न मिलिमीटरच्या आसपास, असा ढोबळ नियम. मुलाला सामानासह बसवून मी टेपने मोजले तर ती ऐंशीला टेकत होती. म्हणजे प्रत्येक खड्ड्याशी गाडी आधीच अर्धी वाकलेली. मागचा भाग बसला की पुढचे चाक हलके होते आणि चढावर भरकटते. खाचा वाढवल्या, काम झाले. चेनला वेळच्या वेळी तेल आणि पुस्तिकेत दिलेला ढिलेपणा, हेही त्यातच धरा. कोरडी चेन इंजिनाची ताकद वाटेतच खाते आणि वर कुरकुरतेही.

पैसे लागले ते तीन ठिकाणी. एक, नवा कागदी एअर फिल्टर, मूळचा. दोन, मागे खोल खाचांचा टायर. या गाडीच्या तारांच्या चाकांत ट्यूब असते, तेव्हा चिखलात हवा कमी करावी हे खरे, पण फार कमी केली की दगडावर ट्यूब चिमटली जाते. म्हणून हातपंप आणि एक जादा ट्यूब पेटीत राहिली. पुढचे ब्रेकचे पॅडही मी आग्रहाने बदलायला लावले. पळण्याची भाषा करणाऱ्याने थांबण्याचा हिशेब आधी मांडावा.

तिसरे ठिकाण म्हणजे ते चक्र, जे या लेखाच्या शीर्षकात आले आहे. इंजिनाकडच्या लहान स्प्रॉकेटला तेरा दात, मागच्या मोठ्याला चाळीस. आमच्या वसईत पूर्वी विहिरीवर रहाट असत. लहान चक्र मोठ्या चक्राला फिरवते तेव्हा वेग घटतो आणि जोर वाढतो, हे मी शाळेत जाण्याआधी आजोबांच्या रहाटावर पाहिले होते. पुढचा एक दात कमी केला, म्हणजे तेराचे बारा केले, तर चाकावरचा जोर आठ टक्क्यांनी वाढतो. मागे एक दात वाढवला तर फक्त अडीच टक्क्यांनी. इंजिनाची ताकद यात तसूभरही वाढत नाही, ती कुठे खर्चायची एवढेच बदलते. मोबदला द्यावा लागतोच. महामार्गावर त्याच वेगाला इंजिन आठ टक्के जास्त फिरते, कंप वाढतो, पेट्रोलही थोडे अधिक जाते. शिवाय लहान चक्रावर चेन अधिक वाकते, म्हणून लवकर झिजते. जुन्या ताणलेल्या चेनवर नवे चक्र कधी चढवू नये, चेन दात सोडते. आमची चेन मोजून पाहिली, ती ताणलेली निघाली, म्हणून चेन आणि दोन्ही चक्रे एकत्रच बदलली. बारा दातांच्या चक्राला चारशे रुपयेही पडले नाहीत.

२०२३ च्या जुलैत, पाऊस थोडा उघडल्यावर, तो म्हणाला, "डॅडी, चला ना एकदा." मनोर, विक्रमगड करीत आम्ही जव्हारकडे निघालो. महामार्गावर ट्रक आम्हाला ओलांडून गेले, तो काही बोलला नाही. पाड्याच्या चढाशी मी उतरतो म्हणालो तर म्हणाला, "बसा." पहिल्या गियरात गाडी चालत्या माणसाच्या वेगाने वर चढू लागली. क्लच दाबावा लागला नाही, पाय टेकावा लागला नाही. लाल चिखल दोन्ही बाजूंना उडत होता आणि इंजिनाचा आवाज इतका कमी होता की खालच्या ओढ्याचे पाणी ऐकू येत होते. वर पोहोचल्यावर एका आजीने आम्हाला चहा दिला. तिने आधी मुलाला नावाने हाक मारली आणि मग मला विचारले, "तुम्ही याचे कोण?" पंपाची चौकोनी पत्री तिच्या परसात उभी होती. ढगाळ हवा, तरी नळीतून बारीक धार पडत होती. मी फिटरच्या सवयीने सगळे नट हाताने चाचपून पाहिले. एकही ढिला नव्हता.

तेरा दातांचे जुने चक्र मी तेलाच्या फडक्यात गुंडाळून बिस्किटांच्या डब्यात ठेवले आहे. गोव्याला जायचे झाले तर लांबच्या सरळ रस्त्याला तेच बरे, असे तो म्हणतो. चेन मात्र तेव्हा पुन्हा मोजून पाहावी लागेल. मागे कोण बसणार, हे त्याने अजून सांगितलेले नाही. मीही विचारलेले नाही, पण माझे हेल्मेट मी खुंटीवर दर्शनी टांगून ठेवतो.