ओटीजी, मावशी आणि मी

दिवाळीच्या आधीचा शनिवार. बायकोने नानकटाईचं पीठ मळून ठेवलेलं, मी ओटीजी प्रीहीटला लावला आणि... खट्! अख्खं घर अंधारात.

आता आम्ही पडलो इंजिनिअर. लगेच डिबगिंग सुरू. बोर्ड उघडला तर एमसीबी जागच्या जागी, पडला होता तो आरसीसीबी. म्हणजे लोड जास्त झालेला नाही, करंट कुठेतरी लीक होतोय. (जाणारा आणि परत येणारा करंट यांत साधारण ३० मिलीअँपचा फरक पडला की हा पठ्ठ्या पडतो.) ओटीजीचा प्लग काढला, सगळं सुरळीत. परत लावला, परत खट्!

म्हणजे आत पाणी गेलंय. आणि पाणी कोण मारणार? मावशी! त्या भांडी घासत होत्या. मी विचारलं, "मावशी, ओव्हन ओल्या फडक्याने पुसलात का?"

"नाही दादा, मी त्याला हातच लावत नाही. करंटची भीती वाटते."

"मग आपोआप भिजला का तो?" हे मी जरा जोरातच म्हणालो. त्या काही बोलल्या नाहीत. उरलेली भांडी घासून निघून गेल्या.

संध्याकाळी इलेक्ट्रिशियन काका आले. मेगर लावून दोन्ही रॉड तपासले. वरचा ठीक, खालच्याचं रीडिंग फारच कमी. मग त्यांनी जे सांगितलं ते मला चार वर्षं इंजिनिअरिंग करून माहीत नव्हतं. रॉडच्या नळीत मधोमध तार असते आणि तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पावडर ठासलेली असते. ती उष्णता बाहेर सोडते, वीज अडवते. पण पावडर कोरडी असेल तरच! नळीच्या टोकाचं सील जरा ढिलं असलं की ती दमट हवेतलं बाष्पसुद्धा ओढून घेते.

"शेवटचा कधी लावला होता?"

"जुलैत," बायको आतून म्हणाली. "पनीर टिक्का केला होतास. मग रविवारी स्प्रे मारून तूच घासत बसला होतास."

बसलो होतो खरा. तेल पुन्हा पुन्हा तापून त्याचा पक्का थर बसतो, बिडाच्या तव्यावर बसतो तसाच. तव्यावर कौतुकाचा, ओव्हनमध्ये नकोसा. तो निघता निघेना म्हणून मी खाण्याच्या सोड्याची पेस्ट फासली, वर भरपूर पाणी मारलं. ते सगळं रॉडच्या टोकांवरून खाली ओघळलं असणार. खरं तर रॉड सोडून फक्त भिंतींना पेस्ट लावायची, ओल्या फडक्याने टिपायची, दार उघडं ठेवून पूर्ण वाळवायचं आणि मग रिकामा ओव्हन थोडा वेळ चालवायचा. मी मात्र दार लावून टाकलं. पुढचा सगळा पावसाळा पुण्यात, प्लग काढलेला.

काकांनी रॉड दुकानात नेऊन वाळवला, परत मोजला आणि रविवारी बसवून दिला. नानकटाई झाली, खालून किंचित करपली.

सोमवारी मावशींना सांगितलं, चूक माझीच होती. "असू दे दादा," म्हणाल्या. नानकटाईचा डबा घेतला. मग ओटा पुसताना ओटीजीपाशी आल्यावर वीतभर अलीकडेच फडकं थांबवलं.

तेवढा तुकडा आता मी पुसतो.