पहिले पाणी पडवळाला

वांग्याच्या आळ्यात मी संध्याकाळी वीतभर खोल पुरलेली बांगड्यांची चार डोकी शेजारच्या पांढऱ्या बोक्याने गेल्या आठवड्यात रातोरात उकरून काढली. सकाळी पाहतो तो रोप आडवे, माती पायरीपर्यंत उधळलेली, आणि एक डोके, बहुधा पोट भरल्यामुळे, माझ्या चपलेत ठेवलेले. राग यायचा तो आलाच. परंतु त्या रागाच्या भरातही मला एकाएकी मॅसॅच्युसेट्समधल्या इप्सविच गावच्या कारभाऱ्यांची आठवण झाली आणि हसू आवरेना. १६४४ साली त्या गावाने असा हुकूम जारी केला होता की जाहीर झाल्या दिवसापासून तीन आठवडे गावातील यच्चयावत कुत्र्यांचा एकेक पाय बांधून ठेवावा, आणि जो मालक ही तामिली करण्यास नाकारील व ज्याचे कुत्रे मक्याच्या शेतात मासळी उकरताना सापडेल, त्याने झालेले नुकसान तर भरून द्यावेच, शिवाय बारा पेन्स दंड भरावा. तीन पायांवर लंगडत गावभर हिंडणाऱ्या त्या कुत्र्यांचे चित्र डोळ्यांपुढे आले, आणि बोक्याचा कोणता पाय बांधावा या विचारात माझा चहा निवला.

मक्याखाली मासे पुरण्याची ही रीत तिकडच्या वसाहतवाल्यांना टिस्क्वांटम नावाच्या तद्देशीय माणसाने शिकवली, असे परंपरा सांगते; एडवर्ड विन्स्लो याने १६२१ च्या डिसेंबरात विलायतेस धाडलेल्या पत्रात, इंडियनांच्या रिवाजाप्रमाणे आपण जमिनीला मासळीचे खत घातले, असे नमूदही केले आहे. पुढे १९७५ साली लिन सेसी या विदुषीने शंका काढली की १६१४ मध्ये पळवून नेलेला आणि स्पेन, लंडन असा प्रवास घडलेला हा माणूस ती विद्या गोऱ्यांकडूनच शिकून आला असावा. या वादात मला फारसे स्वारस्य नाही. ज्या किनाऱ्यावर मासे आहेत आणि मासे साफ करणारी एखादी काटकसरी बाई आहे, तिथे ही विद्या कोणी जहाजातून आणावी लागत नाही, एवढे मला आमच्या आतेमुळे ठाऊक आहे.

आमचे घर मालवणच्या बाजूला, समुद्राची गाज रात्री ऐकू येईल इतक्या अंतरावर होते, आणि घराच्या परड्याचा संपूर्ण अंमल आतेकडे होता. वयाच्या एकविसाव्या वर्षी ती विधवा होऊन माहेरी परतली, आणि त्या काळच्या आमच्या घरांतील वहिवाटीप्रमाणे तिच्या ताटातून मासळी कायमची उठली. तिची चूल वेगळी, भांडी वेगळी. मासळीच्या विळीला ती हात लावीत नसे. परंतु आई मागील दारी मासे कापावयास बसली, की आते पाच हातांवर, न्हाणीच्या कोपऱ्याशी येऊन उभी राही, आणि धुवणाच्या पाण्याची वाटणी मामलेदाराने जमाबंदी करावी तशा काटेकोरपणे करी. “पयला पाणी पडवळाक, दुसरा अळवाक, आणि तिसरा मिरचेक,” हा तिचा कायम ठराव, आणि पाण्याचा टोप उचलून निघालेल्या मला पाठीमागून रोज एकच ताकीद मिळे: “तुळशीकडे नेव नको हां, झिला.” खवले आणि कल्ले माडाच्या बुंध्याशी खड्ड्यात जात, सुंगटांची साले मिरचीला मिळत, तिसऱ्यांच्या शिंपल्या अळवाच्या वाफ्याभोवती कुंपणासारख्या रोवल्या जात, खारवलेल्या मासळीचे पाणी मात्र गडग्याबाहेर ओतावयाचे, कारण मिठाने मुळे करपतात. मोरी माशाच्या पाण्याचा मान एकट्या माडाला. ते “तिखट” असते, लहान झाडाला सोसत नाही, असे ती म्हणे. मोरीच्या अंगात युरिया असतो आणि तिला येणारा तो उग्र दर्प त्यापासूनच उत्पन्न होतो, ही गोष्ट पुष्कळ वर्षांनी कॉलेजात माझ्या कानांवर आली, तेव्हा प्राध्यापकांपेक्षा मला आतेचाच आवाज अधिक स्पष्ट ऐकू आला.

पाण्याच्या नुसत्या वासावरून आज पेडवे आले की बांगडे, सौंदाळे आले की तारली, हे ती न पाहता सांगे, आणि तिचे सांगणे चुकल्याचे मला आठवत नाही. इतर बायका मासळीच्या घाणीपाशी पदर नाकाला लावतात. आते पदर खांद्यावर नीट घेऊन स्वस्थ उभी राही. परड्यातल्या मांडवावर तिच्या पडवळाचा वेल असा पसरे की भर दुपारी खाली काळोख पडावा. तिन्हीसांजेनंतर त्याची झालरीसारखी पांढरी फुले उमलू लागत, आणि सरळ वाढावे म्हणून टोकाला सुतळीने खडा बांधलेले पडवळ वारा आला की घड्याळाच्या लंबकासारखे हलत. खोबरे आणि हरभऱ्याची डाळ घालून केलेली त्याची भाजी तिच्या स्वतंत्र चुलीवर शिजे. जेवणाच्या बाबतीत ती फार अल्पसंतुष्ट होती. भात चमचाभर अधिक पडला तरी हात आडवा करी. पडवळ वाढताना मात्र तिने कधी पुरे म्हटले नाही.

वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील वृक्षायुर्वेदाचा अध्याय मी प्रथम वाचला तेव्हा मत्स्यांभ, म्हणजे माशांचे पाणी, या शब्दापाशी अडखळलो. हातभर रुंद आणि दोन हात खोल खड्डा खणावा, तो भाजून मध, तूप व राख यांनी सारवावा, उडीद, तीळ आणि जव यांचे चूर्ण मातीच्या थरांबरोबर भरावे, माशांचे व मांसाचे पाणी घालून घट्ट होईपर्यंत चोपावे, मग चार बोटे खोल बी पेरून तेच पाणी शिंपावे, म्हणजे वेल बघता बघता मांडव झाकून पाहणाऱ्यास थक्क करतो, असा त्या विधीचा आशय आहे. मध आणि तूप ही उज्जयिनीची श्रीमंती झाली. बाकीचा विधी आमच्या परड्यातला. मला या ग्रंथकारांचा एक गुण फार आवडतो: ते माप सांगतात. खतासंबंधी गोड गोड बोलणारे लोक मला आजकाल पुष्कळ भेटतात, परंतु किती खोल, हे विचारले की त्यांची वाचा बसते.

रापणीला तारलीची रास लागली की तिचा भाव कोसळे, आणि मग पाट्याच्या पाट्या बागाईतदार माडांच्या आळ्यांसाठी घेऊन जात. चार दिवस साऱ्या वाडीला त्याचा वास येई आणि कोणी तक्रार करीत नसे. ठाण्यातल्या या भाड्याच्या घरामागे माझी जागा जेमतेम दोन खाटांएवढी. इथे वास आला तर खुलासा द्यावा लागतो. बोक्याचे धनी शुद्ध शाकाहारी गृहस्थ आहेत. माझ्या वेलीचे दोडके ते आवडीने नेतात, इतक्या चवीचे दोडके बाजारात मिळत नाहीत असे म्हणतात, आणि मी कोणते खत घालतो असे त्यांनी दोनदा विचारले आहे. दोन्ही वेळा मी पावसाविषयी बोललो.

चूक बोक्याची नव्हतीच. वीतभर खोली म्हणजे आमंत्रणच. रविवारी नवा खड्डा वराहमिहिराच्या मापाने दोन हात खणला; खाली बांगड्यांची डोकी, वर राख, मग माती घालून पायाने चोपली, आणि रोप लावण्यास अजून अवकाश असल्यामुळे त्यावर घरमालकाची एक जुनी शहाबादी फरशी ठेवली. बोका रोज दुपारी तिच्यावर येऊन बसतो.